वर जाण्याची सोय

मराठी माणसाला थोडक्यात लिहिता येत नाही, याबद्दल आमच्या मंडळाची वेबसाईट पाहणाऱ्याच्या मनात तरी शंका उरू नये. गणेशोत्सवाचा वृत्तान्तच घ्या. सुरुवात प्रतिष्ठापनेपासून. मग आरतीला कोण कोण होते, मोदक किती जणींनी मिळून वळले, मुलांच्या नाटकात उंदीर कोण झाला होता, आणि शेवटी आभार. आभारात एक नाव गळले तर पुढच्या वर्षी हॉलच्या खुर्च्या मांडायला माणूस मिळत नाही, म्हणून तेही सविस्तर. छापील अंकात हे सगळे आठ पानांत वाटले जायचे. वेबवर ते एकच पान असते, आणि जुन्या जन्मपत्रिकेच्या गुंडाळीसारखे वरून खाली लांबच लांब सोडलेले असते.

खाली येण्याचे काही विशेष नाही. बोट लावले की पान सरकते, उतारावर सायकल सोडावी तसे. पंचाईत होते ती तळाशी पोचल्यावर. आभार वाचून झाले, आपले नाव आहे याची खात्री झाली, आता पुन्हा वर जायचे आहे. कारण अनुक्रमणिका वर, शोधायची चौकट वर, दुसऱ्या पानांकडे जायचे रस्तेही वरच. तेव्हा ज्या रस्त्याने उतरलो तोच रस्ता बोटाने ढकलत ढकलत पुन्हा चढायचा. ही चढण टळावी म्हणून पानाच्या कोपऱ्यात एक लहानसे बटण ठेवलेले असते. वर तोंड केलेला बाण, त्यावर टिचकी मारली की थेट माथ्यावर. तुम्ही सर्वांनी ते पाहिले असेल आणि त्याच्याबद्दल कधी विचार केला नसेल. आम्ही मात्र गेल्या वर्षभरात या एका बटणाचा जेवढा विचार केला, तेवढा घर घेतानासुद्धा केला नव्हता. त्याचीच ही हकिगत.

आम्ही म्हणजे आम्ही दोघे नवराबायको. आमच्यापैकी एकाची एकतीस वर्षे कोबोल लिहिण्यात गेली. २००० सालच्या तारखा दुरुस्त करायला जी मराठी मंडळी अमेरिकेत येऊन उतरली, त्या लाटेतला तो. दुसरीची तेवीस वर्षे इथल्या पब्लिक लायब्ररीत गेली. निवृत्त झालो, मुले आपापल्या गावी गेली, आणि “तुम्हांला काय, आता वेळच वेळ” असे म्हणून कार्यकारिणीने मंडळाची वेबसाईट आमच्या गळ्यात घातली. तेव्हापासून रविवारी सकाळी आम्ही दोघे चहाचे कप घेऊन बेसमेंटमध्ये उतरतो. शेजाऱ्यांना वाटते, आम्ही व्यायाम करतो.

वेबसाईट ताब्यात आली तेव्हा तिच्यात चारशेच्या वर पाने होती. आमच्याकडे दर दोन वर्षांनी कार्यकारिणी बदलते आणि तिच्याबरोबर एखादा नवा उत्साही तरुण येतो. प्रत्येकाने आपापल्या परीने मनापासून काम केले होते, पण आधीच्याचे पाहून पुढे जायला सवड कोणाला होती? एकट्या त्या वर जाण्याच्या बटणाचे आम्हांला नऊ प्रकार सापडले. एक नुसता बाण. एकावर इंग्रजीत ‘टॉप’. एक मोहरीएवढे. एक सारखे उड्या मारणारे. एक थेट मजकुरावर बसलेले, त्यामुळे प्रत्येक ओळीची शेवटची दोन अक्षरे वाचकाने स्वतःच्या कल्पनेने भरायची. एक ना धड भाराभर चिंध्या, दुसरे काय!

सर्वांत बहार होती वधूवर सूचक पानावर. तिथल्या तरुणाने मराठीचा अभिमान धरून बटणावर स्वच्छ मराठीत लिहिले होते ‘वर’. आता त्या पानावर ‘वर’ या शब्दाचा अर्थ कोणी काय घ्यावा? मुलीची माहिती भरून झालेल्या एका मातोश्रींनी मोठ्या आशेने ते बटण दाबले आणि पान वर गेले. त्यांनी पुन्हा दाबले, पुन्हा तेच. मग त्यांनी आम्हांला पत्र पाठवले की, “मंडळाच्या यादीत एकही वर दिसत नाही, ही काळजीची बाब आहे.”

हे सगळे हसण्यावारी गेले असते. पण दिवाळी अंक वेबवर चढवल्यानंतर दुसऱ्याच आठवड्यात आजींचा फोन आला.

आजी म्हणजे अख्ख्या मंडळाच्या आजी. वय ८६, मूळच्या साताऱ्याकडच्या, मुलाकडे राहतात. मुलगा आणि सून सकाळी सातला घराबाहेर पडतात, नातवंडे कॉलेजात. दिवसभर घरात आजी, खिडकीबाहेरचा बर्फ आणि टॅबलेट.

“अगं, तुमच्या त्या अंकात वर जाण्याची काही सोय आहे का?” आजींनी विचारले.

“आजी, असं काय बोलता सणासुदीला!”

“तसलं वर नव्हे गं! तिथली सोय तो करून बसलाय. मी पानाच्या वर म्हणतेय.”

हसून झाल्यावर त्यांनी जे सांगितले त्याने आमचे हसू मावळले. आजींना कंपवात आहे. हात थरथरतो. पूर्ण अंक एकाच लांब पानावर आणि अनुक्रमणिका माथ्यावर. खालून वर यायचे म्हणजे पंचवीस-तीस वेळा बोट ओढायचे, आणि त्यात मधेच बोट एखाद्या दुव्यावर टेकले की भलतेच पान उघडायचे. बटण होते, पण ते मोहरीएवढे. थरथरते बोट त्याच्या शेजारी पडायचे. आणि गंमत म्हणजे नको तेव्हा मात्र बरोबर त्याच्यावरच पडायचे. कथा ऐन रंगात आलेली, अंगठा चुकून कोपऱ्याला लागला, की सगळे पान भुर्रकन वर. मग आपण कुठे होतो ते शोधत पुन्हा खाली.

“म्हणून मी काय करते, पहिला लेख वाचते आणि मिटून ठेवते,” आजी म्हणाल्या. “खाली गेलंच नाही, म्हणजे वर यायला नको.”

त्या अंकातली सर्वांत चांगली कथा सातवी होती. फोन ठेवल्यावर आम्ही बराच वेळ काही बोललो नाही. ज्या वाचकाला अंकाची सर्वांत जास्त गरज, त्यालाच तो पहिल्या लेखाच्या पुढे मिळत नव्हता, आणि कारण काय, तर एक बटण.

ज्यांच्या हाताशी आयफोन-आयपॅड आहेत ते म्हणतील, यात काय मोठेसे? पडद्याच्या अगदी वरच्या कडेवर, जिथे घड्याळ दिसते तिथे, बोट टेकले की पान माथ्यावर जाते. खरे आहे. कीबोर्ड असेल तर ‘होम’ नावाची कळ तेच काम करते. पण आजींचा टॅबलेट अँड्रॉइडचा, त्याला कीबोर्ड नाही आणि ती घड्याळाची युक्तीही नाही. सोय करायची ती पानावरच करायला हवी होती.

आता आमच्या घरात दोन पक्ष पडले. लायब्ररी पक्षाचे म्हणणे, हवाय कशाला मोठा घाट? साधा दुवा ठेवा. आणि ते अगदी बरोबर होते. वेबची पाने ज्या एचटीएमएल भाषेत लिहितात तिच्या नियमांतच ही तरतूद आहे: दुव्याच्या पत्त्यात नुसते हॅशचे चिन्ह, किंवा हॅशपुढे ‘टॉप’ एवढे लिहिले, की ब्राउझर पानाच्या माथ्याशी जातो. प्रोग्रॅमची एक ओळ लागत नाही. कोबोल पक्षाचे म्हणणे, दुवा ठीक आहे, पण चारशे पानांवर तो चारशे वेळा लिहायचा, आणि उद्या त्याचा आकार बदलायचा म्हटले की पुन्हा चारशे पाने उघडायची? ही तर दहावी चिंधी!

कोबोल पक्षाच्या या मताला फार जुना आधार आहे. एकदा लिहिलेले पुन्हा पुन्हा वापरावे, हा विचार काँप्युटरच्या बाळपणापासूनचा. केंब्रिजला एड्सॅक नावाचे यंत्र होते. तिथल्या मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल या तिघांनी १९५१ साली पुस्तक लिहून दाखवले की, वारंवार लागणारे हिशेब कागदी पट्टीवर एकदा भोके पाडून ठेवायचे आणि ज्याला लागेल त्याने ती पट्टी आपल्या प्रोग्रॅममध्ये जोडायची. त्या साठ्याला ते ‘लायब्ररी’च म्हणत. हे ऐकल्यावर लायब्ररी पक्ष थोडा नरमला. पुढे १९६८ साली जर्मनीत गार्मिश इथे भरलेल्या परिषदेत डग्लस मॅकिलरॉय यांनी मांडले की, कारखान्यात सुटे भाग तयार मिळतात तसे सॉफ्टवेअरचेही तयार भाग मिळाले पाहिजेत. या भागांना त्यांनी कॉम्पोनंट म्हटले. कोबोलमध्येही ‘कॉपी’ अशी आज्ञा आहे. एका जागी लिहिलेला मजकूर शंभर प्रोग्रॅमांत ओढून घेता येतो. घरच्या भाषेत सांगायचे तर गोडा मसाला. रोजच्या आमटीसाठी कोणी रोज धने-खोबरे भाजत बसत नाही. एकदा निगुतीने करून बरणीत भरायचा.

वेबच्या पानांना ही बरणी बरीच उशिरा मिळाली. ‘वेब कॉम्पोनंट’ ही कल्पना अलेक्स रसेल यांनी २०११ साली मांडली. क्रोममध्ये तिचे आजचे रूप २०१६ साली आले, फायरफॉक्समध्ये २०१८ च्या ऑक्टोबरात, आणि २०२० च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टचा एज नव्या इंजिनावर आल्यावर सर्व मुख्य ब्राउझरांत तिची सोय झाली. म्हणजे काय, तर परिच्छेद, मथळा, चित्र असे जे टॅग एचटीएमएलमध्ये आधीपासून आहेत, त्यांच्या पंगतीला आपण आपला स्वतःचा टॅग बसवू शकतो. तो कसा दिसेल आणि काय करील, हे एका फाईलमध्ये एकदा लिहून ठेवायचे. मग ज्या पानावर तो हवा तिथे फाईलचे नाव सांगायचे आणि टॅग लिहायचा, बस्स.

त्याला नाव ठेवायचा नियम मात्र ऐकण्यासारखा आहे. नावाची सुरुवात लहान रोमन अक्षराने करावी आणि मधे निदान एक आडवी रेघ असावी, म्हणजे ब्राउझरच्या घरचे टॅग कोणते आणि बाहेरून आलेले कोणते हे ओळखता येते. आम्हांला लगेच इथल्या आपल्या मुलींची आठवण झाली. माहेरचे आडनाव, रेघ, सासरचे आडनाव! आम्ही आमच्या टॅगचे नाव ठेवले ‘वरती-चला’, अर्थात रोमन अक्षरांत. नुसते ‘वर’ ठेवले नाही, कारण वर सांगितलेच आहे.

दुसरी गोष्ट सोवळ्याची. पानाची रंगरंगोटी ठरवणारे नियम पूर्ण पानाला लागू होतात, आणि नऊ तरुणांनी नऊ तऱ्हेचे नियम लिहून ठेवलेले. एका पानावर सगळी बटणे जांभळी, दुसऱ्यावर गोल. आपला घटक तिथे नेला की तोही जांभळा व्हायचा. त्यावर तोड म्हणून वेब कॉम्पोनंटला स्वतःचे सोवळ्यातले स्वयंपाकघर मिळते. तांत्रिक भाषेत त्याला ‘शॅडो डॉम’ म्हणतात. बाहेरच्या नियमांचा हात आतल्या भांड्यांना लागत नाही. अगदीच काही आत येत नाही असे नाही. अक्षरांचा रंग आणि वळण वारशाने आत उतरते, आणि मुद्दाम काही द्यायचे असेल तर एका ठरलेल्या खिडकीतून वाटी आत सरकवता येते. पण जांभळे बटण आत शिरत नाही.

आणि दोन पक्षांची तडजोड? तीही झाली. ‘वरती-चला’ या टॅगच्या पोटात आम्ही तो साधा दुवाच ठेवला. कोणाचा ब्राउझर जुना असला, किंवा इंटरनेट अडखळून आमची फाईल पोचलीच नाही, तर कॉम्पोनंट उभा राहत नाही. पण पोटातला दुवा राहतोच आणि आपले काम करतो. लिफ्ट बंद पडली तरी जिना असावा, तसे. शिवाय दुव्याचे शब्द ज्या त्या पानाला स्वतःचे ठेवता येतात. अंकाच्या पानावर ‘अनुक्रमणिकेकडे’, वृत्तान्ताच्या पानावर ‘वरती’, आणि वधूवर सूचक पानावर ‘पानाच्या सुरुवातीला’. मातोश्रींची समजूत पटली.

इथवर सगळे पुस्तकी झाले. खरी परीक्षा माणसांची. फाईल पानांवर चढवण्याआधी आम्ही ती आमच्या लॅपटॉपवर आणि टॅबलेटवर घेऊन तीन घरी गेलो. प्रत्येक घरी चहा झाला आणि प्रत्येक घरी बटणात एकेक भर पडली.

पहिल्या घरी एक वहिनी भेटल्या. त्यांना अर्धशिशीचा जुना त्रास, डोळ्यांपुढे काही सरसर हलले की भोवळ येते. पान वर नेण्याच्या दोन रीती आहेत: एकदम उडी, किंवा सगळा मजकूर डोळ्यांपुढून पळवत नेणे. दुसरी दिसायला छान, म्हणून बहुतेक जण तीच ठेवतात. वहिनींनी एकदा बटण दाबले आणि डोळे मिटून घेतले. असा त्रास पुष्कळांना होतो. २०१३ साली आयओएस ७ आले तेव्हा पडद्यावरच्या हालचालींनी मळमळते, भोवळ येते अशा तक्रारी झाल्या होत्या, आणि ॲपलने त्याच वर्षी ‘हालचाल कमी करा’ या सेटिंगची व्याप्ती वाढवली. हे सेटिंग वाचकाने आपल्या यंत्रात लावले आहे का, हे वेबच्या पानालाही विचारता येते. सफारीत ही सोय २०१७ साली आली, पुढे इतरांतही. आमचा घटक आता आधी ते विचारतो. लावलेले असेल तर सरळ उडी, पळापळ नाही. वहिनींच्या फोनमध्ये ते सेटिंग त्याच दुपारी लावून दिले.

दुसऱ्या घरी एक काका. पक्षाघातानंतर त्यांचा उजवा हात चालत नाही, माऊस धरता येत नाही. डाव्या हाताने कीबोर्डवरची टॅब कळ दाबत दाबत ते एका दुव्यावरून दुसऱ्यावर जातात. त्यांनी आमच्या बटणापर्यंत येऊन एंटर दाबले. पान माथ्यावर गेले, आम्ही समाधानाने एकमेकांकडे पाहिले. काकांनी पुन्हा टॅब दाबली आणि पान धाडकन तळाशी! “पहिले पाढे पंचावन्न,” काका शांतपणे म्हणाले. त्यांना सवय होती. इतर वेबसाईटवरही असेच होते. कारण असे की, पान वर सरकले तरी कीबोर्डची खूण, जिला फोकस म्हणतात, ती खालीच राहते. डोळे वर आणि बोट खाली. ज्याला माऊस धरता येतो त्याला हे कधी कळतही नाही. म्हणून वर जाताना फोकसही उचलून पानाच्या मुख्य मथळ्यावर नेऊन ठेवायचा. चार ओळींचे काम. काकांनी सहा वेळा करून पाहिले, आणि सातव्यांदा उगीचच केले.

तिसरे घर आजींचे. बटणाचा आकार आम्ही आधीच वाढवून नेला होता. वेबची पाने सर्वांना वापरता यावीत म्हणून जे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शन आहे, त्याच्या २०२३ साली आलेल्या आवृत्तीत बोटाने दाबायच्या जागेसाठी सर्वसाधारण पातळीला किमान २४ पिक्सेल आणि वरच्या पातळीला ४४ पिक्सेल सांगितले आहेत. आम्ही ५६ ठेवले. आजींच्या हाताला मार्गदर्शन वाचता येत नाही. बटण त्यांना पहिल्या फटक्यात लागले. त्या खूश झाल्या. मग सवयीने पुढचा लेख वाचू लागल्या, अंगठा कोपऱ्याला लागला, आणि पान वर.

“बघ! झालं का नाही?” आजी म्हणाल्या. “आता मी कुठं होते ते मला कोण सांगणार?”

बटण मोठे केले की हवे तेव्हा लागते आणि नको तेव्हाही जास्त लागते. लहान केले की कधीच लागत नाही. आम्ही आजींच्या स्वयंपाकघरात बसून यावर तासभर बोललो. बटण मधे ठेवावे? मजकूर झाकला जातो. दोनदा दाबायला लावावे? थरथरत्या हाताला दोनदा म्हणजे शिक्षाच. शेवटी आजीच म्हणाल्या, “अरे, वर नेलंत तर नेलंत. होते तिथं परत आणून सोडा की! रिक्षावाला नाही का परत सोडत?”

लायब्ररी पक्षाचे डोळे चमकले. त्यांचा जन्म पुस्तकांत खुणा घालण्यात गेलेला. स्क्रोल या इंग्रजी शब्दाचा मूळ अर्थ गुंडाळी. गुंडाळ्या मागे पडून बांधीव पाने आली, तेव्हा मधेच उघडता येणे आणि हव्या त्या पानात खूण घालता येणे ही मोठीच सोय झाली. वेबच्या लांब पानाने वाचकाला पुन्हा गुंडाळीकडे नेले आणि खूण काढून घेतली. ती परत द्यायला फारसे काही लागत नाही. वर उडी मारण्याआधी पान माथ्यापासून किती खाली होते हा एक आकडा लक्षात ठेवायचा. वर गेल्यावर तेच बटण आपला शब्द बदलते: ‘होते तिथे’. दाबले की वाचक पुन्हा त्याच ओळीवर. नको असेल तर वाचक आपणहून पुढे सरकतो आणि बटण पुन्हा पहिल्यासारखे होते. ही भर आम्ही त्या रात्रीच घातली, आणि दुसऱ्या दिवशी आजींकडे पुन्हा गेलो. आजींनी मुद्दाम अंगठा लावला, वर गेल्या, ‘होते तिथे’ दाबले, परत आल्या. मग आमच्याकडे न बघता वाचायला लागल्या. आम्ही हळूच निघालो.

एवढे झाल्यावर फाईल वेबसाईटवर चढवली. टॅग लिहिण्याचा जो एकदाचा खटाटोप होता तो चारशे पानांवर दोन रविवारांत उरकला, जुनी नऊ बटणे काढली. आता यापुढे कोणाच्या घरी नवे काही कळले की एकच फाईल बदलायची. नव्याने पान उघडणाऱ्या प्रत्येकाला ते मिळते. वहिनींची भोवळ काकांच्या पानावरही सांभाळली जाते आणि आजींची खूण वृत्तान्तातही घातली जाते. पुन्हा वापरण्याचा खरा फायदा आम्हांला यात दिसला. श्रम वाचले ते वाचलेच. पण एका घरी बसून ऐकलेली अडचण चारशे पानांवर एकदम दूर होते, हे मोठे.

अर्थात नाणे दुसऱ्या बाजूनेही पाहायला हवे. मसाला खारट झाला तर सगळा आठवडा खारट. म्हणून बदल आधी एकाच पानावर करायचा, काकांना कळवायचे, आणि त्यांनी टॅब दाबून “चालेल” म्हटल्यावरच बाकीच्यांवर. शिवाय अशी बटणे बाहेर तयार मिळतात, फुकट मिळतात, तरी आम्ही आमचे घरीच केले. मार्च २०१६ मध्ये काय झाले ते अनेकांना आठवत असेल. ‘लेफ्ट-पॅड’ नावाचा अकरा ओळींचा एक तयार तुकडा त्याच्या कर्त्याने वादातून मागे घेतला, आणि त्याच्यावर विसंबून असलेले जगभरचे प्रकल्प काही तास अडून बसले. अकरा ओळींसाठी शेजारच्या घरी किल्ली ठेवायची की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. आमची फाईल शंभर ओळींच्या आत आहे, मंडळाच्याच जागेत आहे, आणि प्रत्येक भागापुढे तो कशासाठी आहे हे मराठीत लिहिलेले आहे. दोन वर्षांनी जो तरुण येईल त्याला दहावे बटण करावेसे वाटू नये, ही इच्छा.

अंकाची पाने सुटी का करत नाही, असे काहींनी विचारले. पुढच्या अंकापासून करणार आहोत. पण मागच्या चौदा वर्षांचे अंक एकेका लांब पानावर आहेत, आणि तेही कोणी तरी वाचत असते. कोण वाचते, हे आम्हांला आता ठाऊक आहे. फेब्रुवारीत आजींचा फोन आला. दिवाळी अंकातल्या सातव्या कथेचा शेवट त्यांना मुळीच पटला नव्हता. नायिकेने परत जायला नको होते, असे त्यांचे मत. वीस मिनिटे बोलल्या. आणि बाराव्या लेखात भरल्या वांग्यात चिंच सांगितली आहे, ती त्यांच्याकडे कोणी घालत नाही, हेही आम्ही लेखिकेला कळवावे असे बजावले. कळवले आहे.

तर मंडळी, इतर गावच्या मंडळांना ही फाईल हवी असेल तर मागून घ्यावी, आनंदाने देऊ. मात्र ती लावण्याआधी आपल्या गावच्या एखाद्या आजींकडे टॅबलेट घेऊन जा, शेजारी बसा, आणि त्यांचे बोट कुठे पडते ते बघा. त्यांनी काही नवे सांगितले तर आम्हांलाही लिहा. आमच्या फाईलमध्ये अजून जागा आहे.